हाशियातली शीव

तुम्ही ओळखलंत त्याला. आता मान हलवू नका, ऐकू येत नसल्याचं सोंग करू नका, आणि वय झालंय ही सबब तर मुळीच सांगू नका. अनोळखी माणसाच्या तोंडावर कुणी कागद चिकटवत नाही. अनोळखी माणसाकडे तुमच्यासारखी माणसं बघतसुद्धा नाहीत. आणि इथे तुम्ही चष्मा मागवलात, चित्र खिडकीच्या उजेडात न्यायला लावलंत, चारही बाजूंना बोट ठेवून ठेवून पिवळ्या चिठ्ठ्या लावून घेतल्यात. एवढी मेहनत अनोळखी माणसासाठी घेतलीत होय?

दीक्षा हे आप्पासाहेबांना मनात सुनावत होती की मोठ्यानं, तिचं तिलाच कळत नव्हतं. येरवड्याच्या घराची वरची खोली, भर दुपार, कागद उडतात म्हणून पंखा बंद, आणि समोर उतरत्या फळीवर तिचं चित्र. सकाळी त्यांचा ड्रायव्हर बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून देऊन गेला होता, आणि चिठ्ठ्या कशा लावल्या तेही सांगून. प्रत्येक चिठ्ठीवर त्यांच्या घरच्या सुनेच्या, शेफालीच्या, गोलगोल अक्षरात एकच वाक्य, 'इथे फुलं, प्लीज', आणि पुढे हसरं तोंड काढलेलं. पहिली चिठ्ठी तिनं बेसावधपणे ओढली, ऑफिसात फायलीवरची ओढतात तशी. हे रंग डिंकात कालवलेले असतात, कागदाला धरून असतात एवढंच. चिठ्ठीच्या मागे, चिकट पट्टीवर, मुंगीच्या पायाएवढी काळी रेघ आली. तिच्या आजोबांच्या डाव्या डोळ्याची पापणी. ती रेघ ओढायला तिनं श्वास रोखून धरला होता, हे तिला आठवलं. बोटावर ती चिठ्ठी घेऊन ती कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. मग उरलेल्या चिठ्ठ्यांवर तोंड अगदी जवळ नेऊन, आरशावर करतात तसा 'हा' करत, कोमट वाफेनं गोंद मऊ करत, एकेक कड उचलत गेली. शेवटची चिठ्ठी निघेपर्यंत तिला घेरी आल्यासारखं झालं. चित्राच्या मधोमध आप्पासाहेब मात्र जसेच्या तसे होते. गच्चीवर, डोक्यामागे सोन्याचं वलय, हातात झेंडूचं एक फूल, नजर कुणाकडेच नाही.

नजर कुणाकडेच नाही, हे तिनं आप्पासाहेबांना समजावून सांगितलं होतं. पहिल्या बैठकीला तिनं पेन्सिलनं बाजूचा चेहरा काढून दाखवला, तर म्हातारा भडकला. "माझा दुसरा डोळा कुठं हाय?" म्हणाला. "मी काय काणा हाय? लोक काय म्हंतील?" शेफाली मागे ओठ दाबून हसत होती. दीक्षानं शांतपणे सांगितलं, "आप्पासाहेब, बादशहा असाच काढायचे. एका बाजूनं. त्यांनी कुणाकडे बघायचं नसतं, लोकांनी त्यांच्याकडे बघायचं." म्हाताऱ्यानं थोडा विचार केला आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं, तूप पसरावं तसं. "मग बरोबर हाय," म्हणाला. त्या क्षणी तिला त्याचा रागही आला नव्हता. चांगला चेहरा होता. नाकाचा बाक, गालाची घडी, कानाच्या पाळीवरचे केस. जयपूरला उस्तादांनी तिला शिकवलं होतं, की चेहरा काढायला बसलं की माणसाचं बरंवाईट बाजूला ठेवायचं, नाहीतर हात खोटं बोलतो. तिनं ठेवलं होतं बाजूला. फक्त बाजूला म्हणजे कुठे, हे उस्तादांनी सांगितलं नव्हतं.

काम आलं तेव्हाच गावाचं नाव ऐकून नाही म्हणता आलं असतं. बिबवेवाडीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला होतं ते, तिच्या आजोबांचंच गाव. आता महापालिकेत आहे, आणि आता त्याला गाव कुणी म्हणत नाही, फेज वन आणि फेज टू म्हणतात. शेफाली त्या घरची सून. लंडनला शिकत असताना तिनं तिथल्या संग्रहालयात मोगल दरबारातल्या एका चित्रसंग्रहाचं पान पाहिलं होतं, मध्ये बादशहा आणि भोवती सोनेरी फुलांचा रुंद हाशिया, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात होतं, की आपल्या घराण्याचाही असा संग्रह हवा. आधी आप्पासाहेब, मग त्यांचे वडील, मग मागचे. नव्या टॉवरच्या तळमजल्यावर त्यासाठी दालनच बांधलं होतं. तिचा नवरा इंद्रजीत भला माणूस, सरळ बोलणारा. म्हणाला, "स्टाइल एकदम ठेवा. फक्त ते मोगल-बिगल बाहेर नको. पोरं दगड घेऊन येतील, आणि पोरं आपलीच असतील. आपण रॉयल हेरिटेज म्हणू." दीक्षा म्हणाली, "म्हणजे बादशहाची बैठक हवी, वलय हवं, फक्त बादशहा नको." तो खळखळून हसला. "बरोबर पकडलंत." अशा माणसांवर रागावायची सोय नसते. ती हसतात, चहा देतात, लिफ्टपर्यंत सोडायला येतात. त्या दिवशी शेफालीही आली होती सोडायला, फाटकापर्यंत. फाटकाशी संगमरवराचं छोटं देऊळ, आत शेंदरानं थबथबलेला दगड, त्याला चांदीचे डोळे चढवलेले. "आमचा म्हसोबा," शेफाली म्हणाली. "स्वयंभू आहे म्हणे. आप्पांच्या वडिलांना सापडला. याच्यामुळेच सगळं आहे, असं घरात मानतात." दीक्षानं हात जोडले नाहीत. तिच्या घरात कुणी कधी जोडलेच नव्हते. ती चित्रकाराच्या सवयीनं बघत राहिली. वर्षानुवर्षांच्या शेंदरानं दगडाचा दगडपणा गेलेला, नुसता गोळा उरलेला. वरच्या अंगाला मात्र एक खोबण होती, लांबट, बोटभर खोल. तिथे तेल साचून चकाकत होतं.

"हाशियात तुला हवं ते काढ," असंही शेफालीच म्हणाली होती. "लोकल फ्लोरा, लोकल लाइफ." आणि ते वाक्य दीक्षानं लगेच वहीत लिहून ठेवलं होतं, का ते शेफालीला कळणं शक्य नव्हतं. ते जुने हाशिये तिनं भिंग लावून वाचल्यासारखे पाहिले होते. फुलांच्या रोपांच्या मधूनच छोटी छोटी माणसं असतात तिथे. एकजण गुडघ्यावर फळी घेऊन कागद घोटतोय, एक सोन्याचा वर्ख कुटतोय, एक पुस्तक शिवतोय. ज्यांनी संग्रह केला तीच माणसं संग्रहाच्या कडेला. आणि गंमत अशी, की मधला बादशहा कुणाकडे बघत नाही, पण कडेच्या माणसांना मान वळवायची मुभा असते. बादशहाची शान जपायची असते, यांची कशाला जपायची? म्हणून त्यांना बघू दिलं. तिला वाटायचं, त्या दरबारात एवढी एकच चूक झाली, आणि ती कुणाच्या लक्षात आली नाही. मग तिनं हाशियात त्या डोंगराची फुलं भरली, कुर्डू, तेरडा, धोतरा, कळलावी. आणि फुलांमधून एक माणूस चालवला. चारही बाजूंना तोच माणूस. अनवाणी, खांद्यावर घोंगडी, हातात घुंगराची काठी, डोक्यावर मातीचं ढेकूळ. आप्पासाहेबांच्या भोवती, त्यांच्या गच्चीच्या भोवती, त्यांच्या वलयाच्या भोवती शीव चालणारा. पोपट. तिचा आजा.

आजोबांचा फोटो घरात नाही. फोटो काढण्याइतकं कुणी त्यांच्यासमोर कधी थांबलंच नसेल. तिनं बाबांचं नाक घेतलं, चंपाआत्याचे डोळे घेतले. बाबा म्हणजे रामदास, टपाल खात्यात होते, दर रविवारी दाढी करताना आरशात बघून एकच गोष्ट सांगायचे. गालावर साबण, हातात वस्तरा. "शीव तुझ्या आजाच्या पायांत होती. दोन गावांचा तंटा लागो, दोन भावांचा लागो, बोलावणं पोपटाला. डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन तो चालायचा आणि अख्खं गाव त्याच्या मागून चालायचं. पाटलाचा बाप असला तरी मागून! तो म्हणेल ती शीव. एरवी सावली चालत नव्हती त्याची, पण त्या दिवशी त्याचं पाऊल म्हणजे कायदा." आणि मग गालावरचा साबण फर्रकन काढून ते आरशाला सांगायचे, "राजा होता तो. एका दिवसाचा का होईना." लहानपणी तिला हे इतकं आवडायचं, की ती गच्चीवर डोक्यावर उशी घेऊन कठड्याकडेनं चालायची. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. पण चित्रात पोपट चालायला लागला तेव्हा तिला साबणाचा वास आला होता.

आणि आता या चिठ्ठ्या. तिनं शेफालीला फोन लावला. पलीकडे कुठेतरी ड्रिलचा आवाज चालू होता. "अगं, मी तुला करणारच होते," शेफाली म्हणाली. "बघ, पर्सनली मला तो माणूस खूप आवडलाय. पण आप्पा एकदम अपसेट झाले. म्हणाले, खोटं काढलंय."

"काय खोटं काढलंय?"

"तेच तर. म्हणाले, हा चालला नव्हता. हा कधीच चालला नव्हता, तिला सांग. मी म्हटलं आप्पा, कोण हा? तर म्हणाले, चिठ्ठ्या आण. जेवले पण नाहीत. दीक्षा, त्यांचा वाढदिवस आहे त्या दिवशी उद्घाटन आहे. नुसती फुलं टाक ना. फुलांनी कुणाचं काय बिघडतं? आणि पुढच्या सगळ्या चित्रांचं काम पण तुझ्याचकडे आहे, हो ना?"

शेवटचं वाक्य तिनं अगदी मऊ आवाजात म्हटलं. धमकी द्यायची म्हणून नाही. त्या घरात वाक्यं अशीच तयार होऊन येतात, म्हणणाऱ्याला धार दिसत नाही. दीक्षानं फोन ठेवला. चालला नव्हता. म्हातारा काय म्हणतोय हे? पोपट कोण ते ठाऊक नाही म्हणाला असता तर समजलं असतं. अशी माणसं विसरतात, विसरणं हे त्यांचं कामच असतं. पण हा म्हणतो चालला नव्हता. म्हणजे याला नुसतं नावच नाही, तो दिवसही आठवतो. चालला नव्हता, मग काय करत होता? उडत होता? तिला संताप आला आणि संतापाच्या खाली काहीतरी सरकलं, फरशी हलल्यासारखं. कारण आप्पासाहेब खोटं बोलत असते तर त्यांनी जेवण सोडलं नसतं.

चंपाआत्या चहा घेऊन वर आली, जिना चढताना प्रत्येक पायरीला एकेक शिवी घालत. खालची खोली तिची. आत्यानं आत्तापर्यंत हे चित्र पाहिलं नव्हतं. 'झालं की दाखव, अर्धंमुर्धं नको,' असा तिचा नियम होता, आणि झालं तेव्हा शेफालीला घाई होती. कप खिडकीत ठेवून तिनं पदरानं चष्मा पुसला आणि चित्रावर वाकली. आधी मधल्या माणसाकडे बघितलं. "हा आप्पा," म्हणाली. "नाक बापाचं घेतलंय मेल्यानं." मग तिची नजर कडेला गेली, आणि मग तिचा हात हळूहळू तोंडाकडे गेला.

"हे आबा?" ती म्हणाली. "दीक्षे, हे आबा हायत?"

"हो आत्या. डोळे तुझे घेतलेत."

"डोक्यावर माती दिलीस त्यांच्या?"

दीक्षाला वाटलं ती हरखलीय. ती सांगायला लागली, बाबा सांगायचे ना, शीव चालायचे, अख्खं गाव मागून... आत्यानं तिला बोलू दिलं नाही. "रामदास पाळण्यात व्हता तेव्हा!" ती ओरडली. "त्याला काय ठावं? पाळण्यात अंगठा चोखत व्हता तो! मी व्हते तिथं. मी भाकरी घेऊन गेले व्हते. आबा चालले नव्हते. आबा बसले व्हते. ज्या मातीला त्यांनी नाही म्हटलं ती तू त्यांच्या डोक्यावर ठेवलीस? चारचारदा?"

मग तिनं सांगितलं. खिडकीकडे तोंड करून, चहावर साय धरेपर्यंत. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर गावकीची सगळी कामं सोडली होती आपल्या आठही घरांनी. मेलेलं ओढणं सोडलं, सांगावे पोचवणं सोडलं. दुसऱ्या उन्हाळ्यात ओढ्याकडेच्या पट्ट्याचा तंटा निघाला. अलीकडे आपल्या लोकांची वतनाची जमीन, पलीकडे आप्पाच्या बापाची, आणि मध्ये शिवेचा धोंडा. आप्पाचा बाप म्हणत होता धोंड्यावर माझा भरवसा नाही, पोपटाला बोलवा, चालू दे. सगळं गाव जमलं. त्यानं स्वतः ढेकूळ उचलून आणलं आणि म्हणाला, घे डोक्यावर, चाल. "आबा म्हणाले, शीव सांगतो, माती घेणार नाही. तो म्हणाला, मातीबिगर सांगितलेली शीव खरी धरत नाहीत. आबा म्हणाले, बरं. आणि जाऊन धोंड्यावर बसले. एक पाय वर, एक खाली. म्हणाले, मी बसलोय ती शीव. आज या, उद्या या, हितंच हाय. दिवस बुडेपर्यंत बसले. उन्हात. माणसं शिव्या देऊन देऊन दमली न् घरी गेली. आप्पा मिसरूड फुटलेला, बापावर छत्री धरून उभा. आबांनी त्याच्याकडं असं सरळ बघितलं, तर छत्री कलली त्याची. बाप उन्हात आला."

"आणि मग?"

"मग काय. रात्री माणूस घरी येणार का नाही? सकाळी धोंडा जागेवर नव्हता. पट्टा ओलांडून थेट आपल्या घरांच्या अंगाला येऊन बसला व्हता. आणि त्याला शेंदूर फासलेला, वर नारळ फोडलेला. शेंदूर लागल्यावर धोंडा हलवायची कुणाची छाती हाय? पुढं मोजणीवाले आले, त्यांनी धोंडा बघितला, तिथनं मोजलं." ती थांबली. "आपलीच माणसं म्हणायची, पोपट चालला असता तर पट्टा राहिला असता. मीबी म्हणायची. पोटात भूक असली की माणूस काय पण म्हणतो."

दीक्षाला फाटकापाशी पाहिलेला शेंदराचा गोळा आठवला. तिनं विचारलं, "आत्या, त्या धोंड्याला काही खूण होती?"

"व्हती की. वरल्या अंगाला खोबण. आबा तिथं विळा घासायचे. त्यांच्या आधी त्यांचा बाप घासायचा."

विळा घासायचे. तिथे आता तेल साचतं. चांदीच्या डोळ्यांवरून ओघळून खाली येतं आणि संगमरवरावर थेंब थेंब पडतं, आणि येणारी जाणारी माणसं गाडीची काच खाली करून हात जोडतात. दीक्षाला हसू फुटलं, आणि ते हसू इतकं वाईट होतं, की आत्यानं वळून बघितलं. स्वयंभू! तिच्या डोळ्यांपुढे आळीपाळीनं दोन गोष्टी येत राहिल्या. बाबा, गालावर साबण, आरशाला सांगताहेत राजा होता तो. आणि उन्हात बसलेला माणूस, ज्याला राजा व्हायचं नव्हतं, कुणी मागून चालायला नको होतं, फक्त डोक्यावर माती नको होती. बाबांनी त्याला चालवला, कारण चालणारा बाप सांगायला बरा वाटतो. बसून जमीन घालवलेला बाप कुणाला सांगायचा? आणि तिनं बाबांचं ऐकलं, वर सोनं शिंपडलं. त्या म्हाताऱ्यानं, सगळ्या माणसांतून त्यानं, तिच्या आजाची बाजू राखली होती. खोटं काढलंय, हा चालला नव्हता. बरोबर बोलला. एवढी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि लाज जशी खाली बसायला लागली तसा तिच्या खाली दुसराच राग लागला, थंड, टणक, जागच्या जागी असलेला. ठीक आहे. तुम्हाला खरं हवंय ना? तुम्हीच म्हणालात ना, खोटं नको?

ओल्या कुंचल्यानं तिनं चारही पोपट धुऊन काढले. रंग सुटला, फडक्यात आला, मातीचं ढेकूळ सगळ्यांत आधी सुटलं. वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या हाशियात तिनं फुलं भरली, शेफालीनं सांगितल्याप्रमाणे, प्लीज म्हटल्याप्रमाणे. कुर्डू, तेरडा, धोतरा. खालची बाजू मोकळी ठेवली. मग आत्याला म्हणाली, "बस. बसून दाखव." आत्या म्हणाली, "मी? या गुडघ्यांनी?" पण पाटावर उशी ठेवून बसली. "असं न्हाई, पाय जरा पुढं व्हता. हां. आणि हात असा, गुडघ्यावर, मोकळा. भ्यायलेल्या माणसाचा हात मुठीत असतो, त्यांचा मोकळा व्हता." उन्हाचा पट्टा तिच्या पायावरून सरकत भिंतीकडे गेला. दीक्षानं काढलेल्या धोंड्याला शेंदूर नव्हता. काळा, डोंगराचा दगड, वर लांबट खोबण, आणि त्या खोबणीत अकीकाच्या गुळगुळीत दगडानं घोटून आणलेली चकाकी, दोन पिढ्यांच्या विळ्यांची. डोळे तिनं शेवटी केले. सरळ. बघणारा कुठेही उभा राहो, त्याच्यावर येतील असे. डाव्या डोळ्याची पापणी काढताना तिनं या वेळी श्वास रोखला नाही.

उद्घाटनाच्या सकाळी तिनं आत्याला बरोबर नेलं. फाटकाशी रिक्षा थांबली. आत्यानं देवळाकडे बघितलं, शेंदराच्या गोळ्याकडे, चांदीच्या डोळ्यांकडे. आत जाऊन, वॉचमन बघत असताना, तिनं वरच्या अंगाच्या तेलात बोट बुडवलं, खोबणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, आणि पदराला पुसलं. "चल," म्हणाली.

दालनात गारवा होता, पेढे होते, सनई स्पीकरवर होती. शेफालीनं चित्र आदल्या दिवशीच बघितलं होतं आणि तिला ते आवडलं होतं. "एकच फिगर, किती मिनिमल! आणि फुलं पण आली. थँक्यू गं, ऐकलंस." दीक्षा नुसती हसली होती. आप्पासाहेबांना चाकाच्या खुर्चीतून आणलं, फेटा बांधलेला, गळ्यात हार. इंद्रजीतनं मखमलीचं फडकं ओढलं, टाळ्या वाजल्या. सगळे मध्ये बघत होते. वलय, फूल, नाकाचा बाक, वा, काय हुबेहूब. आप्पासाहेब मात्र मध्ये बघत नव्हते. त्यांनी हात पुढे केला. "चष्मा." इंद्रजीतनं चष्मा दिला. खुर्ची जवळ घ्यायला लावली, आणखी जवळ. मान वाकली. हाराची फुलं काचेला टेकली. खालच्या हाशियातून तो माणूस त्यांच्याकडे सरळ बघत होता, आणि आप्पासाहेब त्याच्याकडे. दीक्षाला वाटलं आता ओरडतील, काढा म्हणतील, फुलं म्हणतील. पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं, आणि खाली मिसरूड फुटलेला एक पोरगा दिसायला लागला, छत्री धरून धरून हात भरून आलेला. जे आपण डोळ्यांनी बघितलं ते कुणीतरी बरोबर सांगितलं, याचा माणसाला होतो तसा आनंद त्या चेहऱ्यावर होता. लपवायच्या आत तोंडातून निघून गेलं.

"हां," आप्पासाहेब म्हणाले. "आता बरोबर. असाच. एक पाय वर, एक खाली. दिवसभर."

"कोण आप्पा?" शेफालीनं विचारलं. "कोण असाच?"

आप्पासाहेबांचा खुर्चीच्या दांड्यावरचा हात मुठीत गेला. बाहेर फाटकाशी कुणीतरी देवळाची घंटा वाजवली, आणि तो आवाज काचेच्या दारातून आत आला. चंपाआत्या मागे भिंतीशी उभी होती, पदराचं शेंदरी टोक हातात धरून. दीक्षा पुढे झाली. खुर्चीच्या समोर, चित्र आणि म्हातारा यांच्या मध्ये नाही, जरा कडेला, जिथून तिला त्यांचे दोन्ही डोळे दिसत होते. आवाज तिनं वाढवला नाही. वाढवायची गरज नव्हती, सनई कुणीतरी बंद केली होती.

"पोपट म्हणत होते त्याला. माझे आजोबा," ती म्हणाली. "चालले नव्हते, तुमचं खरं. माझी चूक होती, मी सुधारली. बसले होते. तुम्ही आत्ता सगळ्यांसमोर सांगितलंत, दिवसभर बसले होते. मग आता एवढंच सांगा, आप्पासाहेब. इकडे बघून सांगा.

कशावर बसले होते?"